आधी शिनाईचा (केंडोतल्या बांबूच्या तलवारीचा) खर्च बघा
केंडो, म्हणजे जपानी तलवारबाजी, शिकणाऱ्या मुलांसाठी नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांकडून सीएसआर निधी (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा पैसा) मागा, असं सुचवलं जातं. पण मेख अशी की हा निधी कशावर खर्च करता येतो ते सांगणाऱ्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण बसतं. केंडो ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे राष्ट्रीय मान्यता दाखवता आली नाही तर कंपनीचा सीए तिथेच अडवणार.

त्यापेक्षा छोटे प्रायोजक गाठा आणि रोख नको, वस्तू मागा. बोगू, म्हणजे अंगावरची कवचं, नीट वापरली तर वर्षानुवर्षं टिकतात, मुलांमध्ये फिरवताही येतात. शिनाई मात्र बांबूच्या चार पट्ट्यांची. सरावात तिच्या चिरफळ्या निघतात, तशीच वापरली तर समोरच्याच्या डोळ्याला धोका. हा खर्च कायमचा. सराफ बाजारातला एखादा दुकानदार तेवढा सहज उचलेल (बॅनरवर नाव टाका म्हणजे झालं!). जागतिक स्पर्धा दर 3 वर्षांनी असते, विमानभाड्याचं तेव्हा बघू.