रायफलच्या नळीवरच्या पन्हळी: उपयोग की नुसता दिखावा?

बालेवाडीचा_नेमबाज: रविवारी रेंजवर एका पोराने नवी पॉइंट टू टू (0.22 इंच बोअरची रायफल) आणली होती. नळीवर उभ्या पन्हळी कोरलेल्या, म्हणजे ते फ्लूटिंग. बघायला ही गर्दी! माझं मत सरळ आहे, 50 मीटरच्या खेळात याचा काडीचाही उपयोग नाही. रायफलला 8 किलोपर्यंत मुभा आहे आणि तोल पुढे यावा म्हणून आपणच नळीला वजनं अडकवतो. आधी पैसे मोजून पोलाद खरवडायचं, मग पुन्हा पैसे मोजून वजन लावायचं?

घोरपडीचा_फौजी: साहेब, तुमची रायफल गाडीच्या डिकीतून येते. आम्ही ती पाठीवर घेऊन चढ चढलोय, तिथे दोनशे ग्रॅमसुद्धा कळतात. शिवाय पन्हळीमुळे हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो, नळी लवकर निवते.

बालेवाडीचा_नेमबाज: निवते लवकर, तशी तापतेही लवकर. पातळ पातेलं आणि जाड बुडाचं पातेलं यांतला फरक घरी विचारा. आणि पॉइंट टू टूची नळी तापते कितीशी?

नवखा_कोथरूड: पण पत्र्याला पन्हळ मारली की तो ताठ होतो ना? मग नळीही होणारच.

भोसरीचा_मिलिंगवाला: इथेच सगळे फसतात. पत्रा आपण दुमडतो, त्यातला धातू जात नाही. नळीतून मात्र धातू कापून काढतो. त्यामुळे आहे त्याच नळीला पन्हळी मारल्या तर ताठपणा कमीच होणार.

खरी तुलना समान वजनाची करायची. बाहेरून 20 मिमी व्यासाची साधी नळी घ्या. 22 मिमीची तिच्यापेक्षा जवळपास 46 टक्के ताठ, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. वजन मात्र 23 टक्केच जास्त. आता ते जादा वजन पन्हळी मारून काढा. पण तुम्ही कापताय बाहेरच्या कडेचा धातू, आणि ताठपणा देणारा तोच! हिशोब मांडला तर शेवटी हातात पाचेक टक्के उरतात. फायदा आहे, पण ब्रोशरमध्ये फुगवतात तेवढा नाही.

आणखी एक. आमच्याकडे बंदुकीचं काम येत नाही, त्याला परवाना लागतो. पण ब्राइट बारच्या (थंडच ओढून काढलेल्या पोलादी सळईच्या) लांब शाफ्टला एका बाजूने कीवे, म्हणजे चावी बसवायची खाच, मारला, की क्लॅम्प सोडल्यावर तो केळ्यासारखा वाकलेला मी कितीदा पाहिलाय. धातूत आधीचा ताण कोंडलेला असतो. बटन, म्हणजे कडक धातूचा ठोकळा, भोकातून ओढून रायफलिंग (आतले पिळाचे चर) केलेल्या नळीतही तो असतो. आधी भट्टीत ताण न काढता पन्हळी मारल्या तर आतलं भोक जागोजागी सैल पडू शकतं. मग कसला नेम?

घोरपडीचा_फौजी: म्हणजे नीट केलं तर पाच टक्के मिळतातच की! मी कुठे पन्नास म्हणालो?

नवखा_कोथरूड: आणि ते खळ्या पाडलेलं डिंपलिंग? गोल्फच्या चेंडूसारखं?

भोसरीचा_मिलिंगवाला: चेंडूवरच्या खळ्या उडताना हवेचा अडथळा कमी करायला असतात. नळी उडत नाही. इथे खळ्यांनी थोडं वजन कमी होतं, थोडा पृष्ठभाग वाढतो, बाकी पन्हळीचंच भावंड.

नवखा_कोथरूड: मग घेऊ की नको?

बालेवाडीचा_नेमबाज: त्या पैशात गोळ्या घे.

घोरपडीचा_फौजी: घे रे. दिसते झकास.