गाऱ्हाणं घालून टेम्पो काढायचा, की आधी फोन करायचा?

लालबागचा चाकरमानी :
आमच्या चाळीत दर पावसाळ्यात हा वाद होतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्या रात्री आम्ही मंडळाच्या खोलीत बसलो होतो. कोरोनामुळे सर्वसामान्यांना लोकल बंद, कोकण रेल्वे ठप्प, आमच्यातल्या निम्म्यांची नोकरी गेलेली. कुणाशी ओळख नाही, कशाची यादी नाही. जाणत्यांनी गणपतीच्या तसबिरीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि मदतीचा टेम्पो निघाला. परतीच्या डिझेलचे पैसे नव्हते. पेणला एका अनोळखी माणसाने टाकी भरून दिली. हिशोब करत बसलो असतो तर गेलोच नसतो. माझं मत स्पष्ट आहे : हाक ऐकू आली की निघावं, पुढचं तो बघतो.

माहेर चिपळूण, सासर मुलुंड :
दादा, तुमच्या भावनेला हात जोडते. पण ते ‘पुढचं’ आमच्या माणसांच्या अंगावर येतं. आईच्या घरात गुडघाभर गाळ होता. मुंबईच्या गाड्यांतून जुने, फाटके कपडे आले. त्यांचे ढीग रस्त्यावर भिजले आणि शेवटी गाळाबरोबर तेही आम्हीच उपसले. बिस्किटांचे खोके मावत नव्हते, पण फावडं, घमेलं, गमबूट, फिनेल मागून मिळेना. आठ मुलांचा एक गट तर मुक्कामाची काही सोय न करताच आला. त्यांना शेजाऱ्यांनी माळ्यावर झोपवलं, जेवू घातलं. श्रद्धा त्यांची आणि शिधा आमचा, हे बरोबर आहे का?

अंधेरीची परिचारिका :
२६ जुलै २००५ नंतर मुंबईत लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, साथ आली होती. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेलं पाणी पायाच्या साध्या खरचटलेल्या जागेतूनही बाधतं. जाणारच असाल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या, अनवाणी उतरू नका. सेवेला गेलेलाच आठवड्याने खाटेवर पडला तर तिथल्यांनी कुणाकुणाकडे बघायचं?

कुर्लेकर :
२००५ च्या त्याच २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मी छातीभर पाण्यात होतो. एका मशिदीतल्या माणसांनी हात धरून वर घेतलं, रात्रभर चहा दिला, कोरडी लुंगी दिली. नाव कुणी विचारलं नाही. त्यांनी आधी नियोजनाची बैठक घेतली असती तर मी आज हे लिहायला नसतो.

माहेर चिपळूण, सासर मुलुंड :
पण ते शेजारी होते. गल्ली त्यांची, गटाराची झाकणं कुठे ते त्यांना ठाऊक. अडीचशे किलोमीटरवरून येणाऱ्याचं तसं नसतं. जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर जायला फक्त पायवाट होती, यंत्र चढत नव्हतं. अशा वाटेवर प्रत्येक जादा माणूस बचाव पथकाच्या आड येतो.

लालबागचा चाकरमानी :
कपड्यांचं मान्य. आमच्याही टेम्पोत पाच गोणी होत्या, वाचून लाज वाटली. पण एक गोष्ट सोडत नाही. तिथे एका दुकानदाराने पाणी ओसरल्यापासून शटर उघडलं नव्हतं. आतलं बघायची हिंमत होत नव्हती त्याला. आम्ही सहा जण मागे उभे राहिलो तेव्हा त्याने कुलूप काढलं. ही गरज कुठल्या यादीत आली असती?

माहेर चिपळूण, सासर मुलुंड :
नसती आली. हे पटतं मला. पण टेम्पो सगळे पहिल्या आठवड्यातच. १० सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा भिंतींची ओल गेली नव्हती, सुतार मिळत नव्हता, देवाचा पाट पुरात गेलेला. आईने प्लास्टिकच्या खुर्चीवर वस्त्र घालून मूर्ती बसवली. तेव्हा कुणालाच हाक ऐकू आली नाही?

लालबागचा चाकरमानी :
चाळीत दोन सुतार आहेत, एक वायरमन. फोन कुणाला करायचा ते सांगून ठेवा, ताई. पुढच्या वेळी गाऱ्हाणं झालं की आधी तो करू.

कुर्लेकर :
आणि लागला नाही तर?

माहेर चिपळूण, सासर मुलुंड :
तर निघा. फावडी, घमेली आणि स्वतःचा शिधा घेऊन निघा.