जिन्याच्या सोलरसाठी कंट्रोलर कोणता घ्यायचा? (परभणी, सोसायटी ग्रुप)

*सचिव, बी-१०१*
नमस्कार मंडळी. जिन्यातले ९ वॅटचे १२ एलईडी आणि कॅमेऱ्यांसाठी ३३५ वॅटचे दोन पॅनल अन् १५० एएचच्या (अँपिअर-तास) दोन ट्यूब्युलर (पाणी घालायच्या लेड-ॲसिड) बॅटऱ्या घ्यायचं ठरलंय. इन्व्हर्टर आपला जुनाच, २४ व्होल्टचा. पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरची दोन कोटेशनं आलीत. एक ३० अँपिअरचा पीडब्ल्यूएम, दुसरा १०० व्होल्ट ३० अँपिअरचा एमपीपीटी. पहिला बराच स्वस्त आहे. चालेल का?

*ए-३०४ काका*
साहेब, दोन्ही नका घेऊ. आधी पॅनलच्या मागचं लेबल वाचा. ७२ सेलच्या ३३५ वॅट पॅनलवर व्हीएमपी (पूर्ण ताकदीचं व्होल्टेज) साधारण ३८ व्होल्ट, आयएमपी (तेव्हाचा करंट) ८.८ अँपिअर आणि व्हीओसी (काही न जोडता येणारं व्होल्टेज) ४६ व्होल्टच्या आसपास लिहिलेलं असतं.
पीडब्ल्यूएम हा नुसता भराभर चालू-बंद होणारा स्विच आहे. तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. बॅटरी २६ व्होल्टवर असली की एका पॅनलमधून २६ गुणिले ८.८ म्हणजे जेमतेम २३० वॅट येतात. पैसे ३३५ वॅटचे दिलेत, शंभर वॅट गच्चीवरच राहिले. ३६ सेलचा छोटा पॅनल आणि १२ व्होल्टची बॅटरी असती तर पीडब्ल्यूएम ठीक होता. इथं एमपीपीटीच लागतो, तो पॅनलला त्याच्या व्हीएमपीवरच चालवतो आणि जादा व्होल्ट बॅटरीसाठी अँपिअरमध्ये बदलतो.

*बी-४०३*
काका, मेमध्ये इथं ४३ अंश असतात. पॅनल तापल्यावर व्होल्टेज पडतं म्हणतात. मग एमपीपीटीचा फायदा उरतो का?

*ए-३०४ काका*
कमी होतो, पण उरतो. हवा ४३ वर असली की पॅनल ६५ अंशांच्या पुढं जातो, आणि ३८ चा व्हीएमपी ३२-३३ वर येतो. तरी बॅटरीच्या २७ पेक्षा तो वरच आहे. खरा फायदा थंडीत.
आणि थंडीतच १०० व्होल्टचा कंट्रोलर मरतो. सगळे अँपिअर बघतात, व्होल्ट कुणी बघत नाही. कंट्रोलरला जास्त अँपिअरचे पॅनल जोडले तर बहुतेक चांगले एमपीपीटी करंट आपोआप मर्यादेत ठेवतात. व्होल्टची मर्यादा ओलांडली तर आतला मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा भाग) जातो आणि वॉरंटीही मिळत नाही.
हिशोब करा. लेबलवरचं व्हीओसी २५ अंशांना मोजलेलं असतं. दर अंश थंडीला ते अंदाजे ०.३ टक्के वाढतं. आपल्या परभणीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो. २० अंशांचा फरक म्हणजे ६ टक्के वाढ. ४६ चे झाले ४८.८. दोन पॅनल सिरीजमध्ये (एकामागं एक, व्होल्टची बेरीज) ९७.६. लेबलवर ४७ असेल तर ९९.६. सूर्य वर आला की पॅनल गार असतानाच पूर्ण व्होल्टेज येतं, त्यासाठी कडक ऊन लागत नाही. १५० व्होल्टचा घ्या.

*ए-१०२*
मग सिरीज कशाला? पॅरलल (व्होल्ट तेवढेच, अँपिअरची बेरीज) जोडले तर १०० व्होल्टचा पुरेल ना?

*ए-३०४ काका*
कंट्रोलरला पुरेल, वायरला नाही. गच्चीपासून मीटर खोलीपर्यंत १८ मीटर धरा, जाऊन-येऊन ३६. ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरला एवढ्या लांबीत ०.१६ ओहम रोध येतो. सिरीजमध्ये ९ अँपिअर वाहतात, १.४ व्होल्ट पडतात, ते ७६ पैकी. म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. पॅरललमध्ये १८ अँपिअर, २.८ व्होल्ट, आणि तेही ३८ पैकी. सात टक्के वायर तापवण्यात गेले.
एकच बघा, दुपारी टाकीची सावली कुठल्या पॅनलवर येतीय. सिरीजमध्ये एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी बायपास डायोड त्याचा तिसरा हिस्सा सोडून देतो. दक्षिणेला तोंड, १९-२० अंश कल, आणि टाकीपासून लांब.

*सी-२०२ ताई*
बॅटरीच्या बाजूनं बोलते. १५० एएच ट्यूब्युलरला १५ अँपिअर चार्जिंग सोसतं. २० च्या वर नेऊ नका. एमपीपीटी थंडीत दुपारी २४-२५ अँपिअर देईल, म्हणून कमाल चार्जिंग करंट सेटिंगमध्ये २० वर बांधा. दुपारचे थोडे वॅट जातात ते जाऊ द्या. एमपीपीटीची खरी कमाई सकाळी, संध्याकाळी आणि आभाळ भरलेल्या दिवशी होते.
बाकी सेटिंग २४ व्होल्टसाठी: ॲब्सॉर्प्शन (भरत आणतानाचं व्होल्टेज) २८.८, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं) २७.२. इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करायचं जादा चार्जिंग) महिन्यातून एकदा, ३० व्होल्ट, एक-दोन तास. त्याआधी इन्व्हर्टरची हाय-बॅटरी मर्यादा बघून घ्या, नाहीतर तो मधेच बंद पडेल.
तापमान सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवायचाच. १२ सेल, प्रत्येकी ३ मिलिव्होल्ट म्हणजे २५ च्या वर दर अंशाला ३६ मिलिव्होल्ट कमी. बॅटरी ४० अंशांवर असली तर २८.८ चे २८.२६ व्हायला पाहिजेत. सेन्सर नसला तर आपल्या उन्हाळ्यात पाणी झरझर आटतं.

*बी-४०३*
पाणी बोअरचं नाही चालत ना?

*सी-२०२ ताई*
अजिबात नाही. आरओचंही नाही. फक्त डिस्टिल्ड, आणि ॲसिड तर कधीच वरून टाकायचं नाही. पूर्ण चार्ज झाल्यावर हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजायची नळी) १.२४० ते १.२५० आलं पाहिजे. एखाद्या सेलमध्ये ०.०३० चा फरक दिसला तर इक्वलायझेशन करा. दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यातल्या घ्या. जुनी-नवी जोडी सिरीजमध्ये नको.

*सचिव, बी-१०१*
शेजारच्या सोसायटीत सोलर लावूनही बिल तेवढंच यायलंय. आपलं तसं होऊ नये.

*ए-३०४ काका*
त्याचं नेहमीचं कारण जुना इन्व्हर्टर. लाईट असताना इन्व्हर्टरचा स्वतःचा चार्जर बॅटरी २७ च्या वर धरून ठेवतो. कंट्रोलरला बॅटरी भरलेली दिसते, तो फ्लोटवर जातो. पॅनल उन्हात नुसता बसलेला. शिवाय लाईट आहे तोवर साधा इन्व्हर्टर दिवे थेट महावितरणवरच चालवतो.
उपाय असा: इन्व्हर्टरच्या मेन इनपुटला टायमर आणि व्होल्टेज रिले (बॅटरीचं व्होल्टेज बघून चालू-बंद होणारा स्विच) बसवा. दिवसा आणि रात्री इनपुट बंद, म्हणजे लोड बॅटरीवर. बॅटरी २४ च्या खाली गेली की इनपुट आपोआप चालू. तयार सोलर मॅनेजमेंट युनिटही मिळतात, ते हेच काम करतात.
रात्रीचा हिशोब: दिवे १०८ वॅट, ६ तास, म्हणजे ६५० वॅट-तास. कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) ४५ वॅट, १४ तास, म्हणजे ६३०. इन्व्हर्टरचा तोटा धरून दीड युनिट. बॅटरी २४ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे ३.६ युनिटची आहे, निम्म्याच्या आत बसतं. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवसांत मात्र महावितरण लागेलच.

*ए-१०२*
सबसिडी? पीएम सूर्यघर?

*सचिव, बी-१०१*
ती ग्रीडला (महावितरणच्या लाईनला) जोडलेल्या संचाला आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये. आपल्या या बॅटरीच्या संचाला नाही.

*बी-४०३*
वायरमन उद्या यायलाय. जोडणीचा क्रम सांगून ठेवा.

*ए-३०४ काका*
पहिले बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट, पहिले पॅनल. कंट्रोलर बॅटरीवरून ओळखतो की संच १२ चा आहे का २४ चा. बॅटरीशिवाय पॅनल जोडला तर चुकीचं ओळखतो, काही तर जळतात.
कंट्रोलर बॅटरीपासून दोन मीटरच्या आत, पण बॅटरीच्या डोक्यावर नको, ॲसिडची वाफ सर्किट खाते. मधली वायर १० स्क्वेअर एमएम तांब्याची. ४ ची टाकली तर २५ अँपिअरला ०.४४ व्होल्ट पडतात. कंट्रोलर २८.८ समजतो, बॅटरीला २८.३६ मिळतात, आणि ती रोज अर्धवट भरून सल्फेट (प्लेटवर साठणारा थर) धरते.
बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा डीसी फ्यूज. पॅनलच्या बाजूला दोन पोलचा १६ अँपिअर डीसी एमसीबी, १५० व्होल्टच्या वरचा. घरातला एसी एमसीबी लावू देऊ नका. डीसीचा करंट एसीसारखा शून्यातून जात नाही, ठिणगी विझत नाही आणि डबी पेटते.
इन्व्हर्टरची वायर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर नाही, थेट बॅटरीवर, वेगळ्या फ्यूजमधून. लोड टर्मिनल फक्त छोट्या डीसी दिव्यांसाठी असतात.
एमसीफोर (पॅनलच्या वायरीचे) कनेक्टर पकडीनं दाबू नये, क्रिंपिंग टूलच हवं. सैल कनेक्टर उन्हाळ्यात वितळतो.

*सी-२०२ ताई*
आणि अर्थिंग. पॅनलची फ्रेम आणि स्टँड स्वतंत्र अर्थिंगला, कंट्रोलरच्या आधी डीसी एसपीडी (विजेचा झटका जमिनीत वळवणारं साधन). मे-जूनच्या वळवाच्या पावसात वीज कडाडली की गच्चीवरच्या वायरीतून झटका थेट कंट्रोलरपर्यंत येतो.

*सचिव, बी-१०१*
नवीन कोटेशन मागवतो: १५० व्होल्ट, ३५ अँपिअर एमपीपीटी, तापमान सेन्सरसह. डीसी एमसीबी, फ्यूज, एसपीडी वेगळे लिहून. चालेल?

*ए-३०४ काका*
चालेल. त्यात १० स्क्वेअर एमएमच्या लग्ज (वायरच्या टोकाला दाबायच्या कड्या) घाला. आणि पैसे चुकते करण्याआधी बॅटरी थोडी रिकामी असताना, निरभ्र दिवशी १२ वाजता डीसी क्लॅम्पमीटरनं बॅटरीकडं जाणारा करंट मोजायचा. करंट मर्यादा तेवढ्यापुरती काढून. थंडीत २२ च्या वर, मेमध्ये १९-२० आला पाहिजे. १२-१३ आला तर एक पॅनल सावलीत आहे किंवा एखादा कनेक्टर सैल आहे, तो सापडेपर्यंत वायरमनला सोडू नका.