मदत हवी आहे: गुरुजींच्या ग्रीन कार्डसाठी पत्र, पण लिहू काय?

मी अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ आहे. आमचे ध्यानाचे गुरुजी आर-१ व्हिसावर (धार्मिक सेवकांचा तात्पुरता व्हिसा) आहेत, त्याची ५ वर्षांची कमाल मुदत संपत आलीय. संस्था त्यांच्यासाठी आय-३६० (धार्मिक सेवक म्हणून ग्रीन कार्ड मिळवण्याच्या वाटेवरचा) अर्ज करतेय आणि वकिलांनी माझ्याकडे समर्थनपत्र मागितलंय.

अडचण अशी की वकिलांनी मसुदा तयारच पाठवला. त्यात ‘यांच्या ध्यानाने रुग्णांचं नैराश्य बरं होतं’ असं माझ्या तोंडी घातलंय. मी असं कधी पाहिलेलं नाही, सही कशी करू? पाहिलंय ते वेगळंच. एका बाईंनी गोळ्या सोडू का विचारलं, तर गुरुजी म्हणाले, “ते डॉक्टरांना विचारा, मी फक्त बसायला शिकवतो.” मला हेच लिहावंसं वाटतं.

मुळात अर्जात आधीची सलग २ वर्षांची धार्मिक सेवा आणि आठवड्याला किमान ३५ तासांचं काम दाखवायचं असतं. मग माझ्या डॉक्टरकीचा उपयोग काय? साधक म्हणून साध्या कागदावर लिहू की दवाखान्याच्या लेटरहेडवर? वर्गाचे वार, वेळा लिहिल्या तर चालेल ना? कुणी असं पत्र दिलं असेल तर कृपया सांगा. वकिलांना शुक्रवारी उत्तर द्यायचंय.