मदत हवी आहे: मे महिन्यात ३० जणांसाठी ओव्हनशिवाय गोडाचा बोर्ड

सायसाखर
येत्या शनिवारी पुण्यात घरी वाढदिवस आहे. मोठी माणसं २१, मुलं ९. जेवण साडेसातला, आणि त्यानंतर केकऐवजी मोठा डेझर्ट बोर्ड (एकाच फळीवर मांडलेले गोड पदार्थ) मांडायचा आहे. ओव्हन नाही, फ्रिज एकच, २५० लिटरचा. हॉलमध्ये एसी नाही, संध्याकाळी ३२-३३ अंश तरी असतंच.

यादी अशी आहे: चॉकलेट ट्रफल (चॉकलेट आणि क्रीमचे गोळे), चॉकलेट-बिस्किट रोल, खजूर रोल, आम्रखंडाचे छोटे ग्लास, मँगो चीजकेकचे कप, चॉकलेटमध्ये बुडवलेली स्ट्रॉबेरी, कापलेली फळं, मार्शमेलो, कुकीज. घरातले ज्येष्ठ अंडं आणि जिलेटिन खात नाहीत. एका मुलाला शेंगदाणा आणि काजू-बदामाची अ‍ॅलर्जी आहे. एक काका मधुमेही आहेत.

अडचणी:
१. ट्रफलचा एक घाणा करून पाहिला. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि २०० ग्रॅम फ्रेश क्रीम (पाकिटावर २५ टक्के फॅट). रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही मिश्रण सॉससारखंच राहिलं.
२. चीजकेक सेट व्हायला जिलेटिनऐवजी चायना ग्रास (अगर-अगर) किती आणि कसं घालायचं?
३. बोर्ड किती आधी मांडावा? कुकीज मऊ पडतात.
४. सुताराकडून ७५ बाय ४५ सेंमीची सागवानी फळी करून घेतली आहे, वर मेलामाइन पॉलिश आहे. पदार्थ थेट ठेवले तर चालतील?

पुरणयंत्र
पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक नेमकी सापडते. समभाग चॉकलेट आणि क्रीम हे केकवर ओतायच्या गनाशचं प्रमाण आहे, तेही घट्ट क्रीम धरून. तुमच्या क्रीममध्ये २५ टक्के फॅट आणि उरलेलं बहुतेक पाणीच. म्हणजे २०० ग्रॅम चॉकलेटमध्ये जवळजवळ दीडशे मिली पाणी गेलं. ते कितीही गार केलं तरी वळणार नाही. ट्रफलसाठी २५० ग्रॅम चॉकलेटला १०० ग्रॅम क्रीम घ्या, यात साधारण १२ ग्रॅमचे २८-३० गोळे होतात. झालेला सॉस टाकू नका. मोजून घ्या आणि त्यात आणखी चॉकलेट वितळवून प्रमाण या हिशोबात आणा. ४०० ग्रॅम सॉसला ३०० ग्रॅम चॉकलेट लागेल, पण त्याचे साठ गोळे होतील, तेव्हा अर्धाच सॉस वापरा. उरलेला फळांसोबत वाटीत द्या.

कृती: चॉकलेट सुरीने बारीक चिरा, मोठे तुकडे नकोत. क्रीम भांड्याच्या कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळू देऊ नका. चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग चमच्याने अगदी मध्यभागी छोटे वेढे घ्या. आधी सगळं फाटल्यासारखं दिसतं, मग मधोमध गडद, चकाकणारा ठिपका तयार होतो आणि तो हळूहळू कडेपर्यंत पसरतो. भराभर ढवळलंत तर हवा शिरते आणि तूप सुटतं. सुटलंच तर एक चमचा कोमट दूध घालून पुन्हा मधूनच ढवळा, जुळून येतं. भांडं, चमचा पूर्ण कोरडे हवेत. नुसतं चॉकलेट वितळवताना त्यात पाण्याचा थेंब पडला तर त्याचा खरखरीत गोळा होतो.

आता मुख्य मुद्दा. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. तुमच्या हॉलमध्ये ३३ अंश असतील तर ट्रफल २० मिनिटांचा पाहुणा समजा. ठेवायचेच असतील तर एका वेळी १०, बाकीचे फ्रिजमध्ये.

कोकमसार
यादी दिसायला छान आहे, पण मे महिन्याची नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्चमध्ये चांगली. मेमध्ये मिळालीच तर आंबट आणि पाणचट असते, त्यावर चॉकलेट धरत नाही, आतून पाणी सुटून कवच निसटतं. ती काढून टाका. त्याऐवजी ताडगोळे, जांभळं, करवंदं आणि घट्टसर हापूस ठेवा. ताडगोळे सोलून लगेच गार करा आणि शेवटच्या क्षणी मांडा, ते फार लवकर उतरतात. सफरचंद नकोच. केळंही नको, लिंबाचं पाणी लावलं तरी तासाभरात काळवंडतं.

आम्रखंड आणि मँगो चीजकेक हे दोन्ही आंब्याचे, दोन्ही दुधाचे, दोन्ही ग्लासातले. एक ठेवा. माझ्या मते आम्रखंडच ठेवा: सेट करायची भानगड नाही, ज्येष्ठांना आवडतं, मुलं संपवतात. चीजकेकचा मोह आवरत नसेल तर ग्लासच्या तळाशी बिस्किटाचा चुरा आणि लोणी (१५० ग्रॅमला ६० ग्रॅम) दाबून बसवा, वर आम्रखंड. एकाच ग्लासात दोन्ही झालं. मात्र चुऱ्यावर वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवून तो आधी गार करा. नाहीतर रात्रीपर्यंत चुऱ्याचा लगदा होतो.

३० ग्लासांसाठी, प्रत्येकी ३५ ग्रॅम: चक्का ६०० ग्रॅम, आटवलेला हापूसचा रस २५० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, वेलची, चिमूटभर मीठ. पायरी घेऊ नका, तो रसाळ असतो आणि श्रीखंड सैल पडतं. दोन लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्याचा एवढा चक्का सहज निघतो. दही गुरुवारी रात्री टांगा, पण फ्रिजमध्ये. मेमध्ये ओट्यावर टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबट होतं, मग साखर वाढते आणि साखर वाढली की पुन्हा पातळ. रस मंद आचेवर आटवून पूर्ण गार करून मगच घाला. चक्का आणि साखर मिसळून तासभर ठेवा, मग पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. ग्लास शुक्रवारी रात्री भरा.

खडीसाखर
चायना ग्रासबद्दल. कोकमसार म्हणतात तसं ग्लासात त्याची गरज नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं, कारण इथे अनेकांचं बिघडतं. चायना ग्रास नुसतं गरम पाण्यात विरघळत नाही, उकळावं लागतं, दोन-तीन मिनिटं, अगदी नितळ होईपर्यंत. आणि ते ४० अंशांच्या आसपास जमायला लागतं. फ्रिजमधल्या गार चक्क्यात ओतलंत की तिथल्या तिथे दोरे होतात आणि चाळूनही जात नाहीत. म्हणून चक्का आधी घरातल्या तापमानाला आणायचा, त्यातले दोन डाव उकळत्या चायना ग्रासमध्ये फेटून घालायचे आणि मग ते सगळं उरलेल्या चक्क्यात.

त्याचा गुण असा की एकदा जमलं की तुमच्या हॉलच्या उकाड्यात वितळत नाही. जिलेटिन तिथे हमखास ढासळतं. म्हणून मार्शमेलोच्या जागी चायना ग्रासच्या दुधाच्या वड्या सुचवते: १० ग्रॅम चायना ग्रासच्या काड्या कापून १५ मिनिटं भिजवा, २५० मिली पाण्यात उकळून विरघळवा. दुसऱ्या भांड्यात ५०० मिली दूध आणि ८० ग्रॅम साखर उकळत ठेवा. दोन्ही गरम असतानाच गाळून एकत्र करा, गुलाबाचा अर्क घाला, ताटात ओता. अर्ध्या तासात जमतं. चौकोनी कापा. यात सुकामेवा नाही, त्यामुळे अ‍ॅलर्जीवाल्या मुलालाही चालेल. मात्र दूधच आहे, रात्रभर बाहेर ठेवण्याची वस्तू नव्हे. मार्शमेलो ठेवणारच असाल तर पाकिटावरचं हिरवं चिन्ह बघा, बहुतेकांत जिलेटिन असतं.

किवी आणि कच्चा अननस दुधाच्या पदार्थावर सजावटीला ठेवू नका. त्यातली पाचकद्रव्यं दूध कडू करतात.

पुरणयंत्र
खडीसाखर, दोऱ्यांचं कारण अगदी बरोबर. आता रोलचं माप, कारण या हवेत तोच तुमचा आधार आहे.

मारी बिस्किटं २५० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, वितळलेलं लोणी ८० ग्रॅम, दूध ६० ते ७० मिली. बिस्किटं हाताने मोडा, वाटाण्याएवढे तुकडे राहू द्या. मिक्सरमधून काढली तर दूध पिऊन चिखल होतो. दूध शेवटी, चमच्याचमच्याने, मूठ वळेल इतपतच. बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून ३ सेंमी जाडीचे, ३० सेंमी लांबीचे दोन रोल करा. चार तास फ्रिजमध्ये ठेवून सेंमीभर जाडीच्या चकत्या कापा, साठ होतात. दर दोन-तीन कापांनंतर सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसा. चकत्या चुरत असतील तर लोणी कमी पडलंय, वाकत असतील तर दूध जास्त झालंय.

खजूर रोल: बिया काढलेला मऊ खजूर ३०० ग्रॅम, भरड सुकामेवा १५० ग्रॅम, तूप एक चमचा. खजूर तुपावर मंद आचेवर गोळा होईपर्यंत परता, सुकामेवा मिसळा, वळा. यात साखर घातलेली नाही म्हणून मधुमेही काकांना चालेल असं कृपया धरू नका, खजूर हीच साखर आहे. त्यांच्यासाठी वेगळ्या वाटीत भाजलेले बदाम आणि सोबत थोडी जांभळं ठेवा.

माणिकमोती
फळीबद्दल. मेलामाइन पॉलिश फर्निचरचं आहे. त्यावर फळाचा रस, तूप, गरम काहीही थेट नको. बटर पेपर घाला किंवा केळीचं पान. पान आधी आचेवरून भरभर फिरवा, रंग गडद हिरवा झाला की ते लवचिक होतं, दुमडताना फाटत नाही. वर्तमानपत्र मुळीच नको, शाई पदार्थाला लागते.

सजावटीला बाजारातली शेवंती, झेंडू पदार्थात खोचू नका, फवारणी झालेली असते. कण्हेर विषारी आहे आणि चाफ्याचा चीक त्रास देतो, दोन्ही टेबलावरही नकोत. पुदिना धुऊन, फडक्यावर वाळवून वापरा, पुरेसा दिसतो.

३० जणांना जेवणानंतर माणशी पाच नग धरा. ३० ट्रफल, ६० चकत्या, ३० ग्लास, ४० खजुराचे तुकडे, वर वड्या आणि दीड किलो फळं. भरपूर आहे. कुकीज काढून टाकल्या तरी कुणाला कळणार नाही.

सायसाखर
सगळ्यांचे मनापासून आभार. स्ट्रॉबेरी, चीजकेक, मार्शमेलो, कुकीज बाद. अजून दोन शंका. मांडणीचा क्रम काय? आणि ट्रफलवर डार्क कंपाउंडचं कवच दिलं तर उकाड्यात टिकतील का? सोपं पडेल असं दुकानदार म्हणाला.

कोकमसार
कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं, म्हणून ते टेम्परिंग (चॉकलेट ठराविक तापमानाला तापवणं-गार करणं) न करता जमतं आणि थोडं जास्त तग धरतं. आत खरं चॉकलेट आणि बाहेर कंपाउंडचं पातळ कवच, हे चालेल. सगळंच कंपाउंडचं करू नका, जिभेवर मेणासारखा थर राहतो.

मांडणी: ग्लास फळीवर ठेवूच नका. परातीत बर्फ, वर ताट, त्यावर १५ ग्लास, फळीशेजारी. बाकीचे १५ फ्रिजमध्ये. फळीवर आधी वाट्या (सॉस, ताडगोळे, जांभळं), त्या कोपऱ्यात नकोत, तिरप्या रेषेत. मग रोलच्या चकत्या एकमेकींवर अर्ध्या चढवून वाट्यांभोवती. मग आंब्याच्या फोडी, पण चकत्यांना न चिकटता, मध्ये वड्यांची रांग. ओलं आणि बिस्किटाचं एकमेकांना टेकलं की तुमच्या कुकीजसारखंच होईल. ट्रफल सगळ्यात शेवटी, पाहुणे हात धुवायला उठले की. कडेला तीन बोटं जागा सोडा. कोरडा टप्पा पावणेसातला, ओला टप्पा आठला.

दुधाचे पदार्थ ३२ अंशांच्या वर तासापेक्षा जास्त बाहेर नकोत. बर्फ असला तरी त्यात वेळ बघूनच भर घाला.

खडीसाखर
अ‍ॅलर्जीवाल्या मुलाचा घास बोर्डावर ठेवूच नका. त्याच्या चकत्या, वड्या आणि ग्लास सगळ्यांच्या आधी वेगळ्या डब्यात भरा, खजूर रोल करायच्या आधी. मिक्सरचं भांडं, पाट, सुरी सुकामेव्याला लागली की धुऊनही खात्री नसते. त्याच्यासाठी वापरायच्या बिस्किटांच्या आणि चॉकलेटच्या पाकिटावरची अ‍ॅलर्जीची ओळ वाचा, बऱ्याच पाकिटांवर सुकामेव्याचा अंश असू शकतो असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर ते त्याला नको. आणि त्याच्या आईला आजच फोन करून विचारा.

माणिकमोती
फ्रिजच्या जागेचं सांगायचं राहिलं. ग्लास ताटात ठेवून वर पुठ्ठा, त्यावर दुसरं ताट, असे दोन मजले होतात. शुक्रवारी संध्याकाळी पाण्याच्या बाटल्या बाहेर काढून माठात पाणी भरा. ट्रफल हवाबंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा दहा मिनिटं न उघडता ठेवा. लगेच उघडला तर गार चॉकलेटवर दव धरतं आणि कोकोचे डाग पडतात. पुण्यात कमी, पण त्या दिवशी वळवाचा पाऊस झाला तर मुंबईसारखंच होईल.

सायसाखर
त्या मुलाच्या आईला फोन केला. ती त्याचा खाऊ घरून आणणार आहे, फक्त आम्रखंडाचा एक ग्लास वेगळा भरून ठेवायला सांगितलाय, तळाला बिस्किट नको. ट्रफलचा नवा घाणा २५० ला १०० ने लावला, तीन तासांत घट्ट झाला. पण वळताना हाताला चिकटतोय.

पुरणयंत्र
तळवे गरम असतात म्हणून. हात बर्फाच्या पाण्यात धरून कोरडे पुसा, तळव्यावर कोको भुरभुरवा, आणि एका वेळी पाचच गोळे वळून बाकीचं मिश्रण फ्रिजमध्ये परत ठेवा. लोणी किंवा तूप हाताला लावू नका, मग कवच धरणार नाही. पंखा चालू ठेवा, पण कोकोच्या ताटावर त्याचा झोत येऊ देऊ नका.