किल्लारीसारखं परत झालं तर जुन्या माळवदाचं काय?

तेरणाकाठ:
गावाकडं (धाराशिव जिल्हा) आमचं जुनं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर आहे, दीड-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, आईबाबा तिथंच राहतात आणि सोडायला अजिबात तयार नाहीत. बाबा म्हणतात ९३ च्या किल्लारीच्या भूकंपात नुसत्या चिरा गेल्या म्हणजे घर भक्कम आहे. मला काही ते पटत नाही. किल्लारीचा भूकंप ६.२ च्या आसपासचा, एवढे मोठे जगात दरवर्षी शंभरच्या वर होतात, मग आपल्याकडं आठ-दहा हजार माणसं कशी गेली? आणि असं घर पाडूनच टाकावं लागतं का?

भरावकाम:
भूकंप मध्यम होता पण जमिनीखाली फार खोल नव्हता, त्यामुळं हादरा जोरात बसला. तरी माणसं मारली ती घरांनी. तुमची रुंद भिंत म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती आणि मधे दगडगोट्यांचा भराव, दोन्ही बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतातच. हललं की पोट सुटतं आणि बाहेरची बाजू ढासळते. वर पांढरी माती, गळतंय म्हणून दर पावसाळ्याआधी नवीन थर टाकायचा पण जुना कुणी काढत नाही, असं करत करत कुठं कुठं दोन-दोन फूट माती झालेली. पहाटे ३.५६ ला, विसर्जन करून दमून झोपलेल्या माणसांवर ती आली.
पाडायची गरज नाही. आधी वरची माती उतरवा, पातळ थर ठेवून वॉटरप्रूफिंग करा. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोकं पाडून सळई टाकून काँक्रीट भरतात, खिडक्या-दारांच्या वरून सगळीकडनं सळई-काँक्रीटचा पट्टा फिरवतात. आणि चिरा गेलेल्या भिंतीला भक्कम म्हणू नका प्लीज, ती आधीपेक्षा कमजोर झालेली असते.

सास्तूरची लेक:
आमच्याकडं आधी कुणाच्या मनातच नव्हतं हो, दख्खनचं पठार म्हणजे हलणारच नाही असं सगळे धरून चाललेले, कोयना १९६७ ला झालं ते धरणामुळं म्हणून सोडून दिलेलं. खरं तर ९२ च्या ऑगस्टपासूनच किल्लारीला धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपायचे, मग धक्के थांबले आणि लोक परत आत गेले. आता मला जास्त त्रास कशाचा होतो सांगू, पुनर्वसनात मिळालेल्या घराला लागून लोक वाढीव खोल्या काढतात त्यात ना पट्टा ना काही, तीस वर्षांत विसरले सगळे. मी भावाशी भांडून त्याच्या खोलीला पट्टा घालून घेतला.

खणवाला:
तेरणाकाठ, तुमच्या घरात लाकडी खांब-तुळया आहेत का? तो सांगाडा जिथं उभा राहिला तिथं भिंती पडूनही माणसं वाचली. खांब वाळवीनं पोखरलेत का ते टोचून बघा, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरपे टेकू मारून घ्या. काम होईपर्यंत आईबाबांच्या खाटा भिंतीपासून लांब, खणाच्या (खांबांमधल्या जागेच्या) मधोमध ठेवा.

तेरणाकाठ:
खांब सागवानी आहेत. माळवदावर किती माती आहे ते उद्याच एका कोपऱ्यात उकरून बघायला सांगते, बाबा नाही म्हणाले तर मी स्वतः येऊन बघते.