गाभण गाय चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत चाटते, रोयणीची (वारुळाची) माती खाते. खाऊ द्यावी का?

वाळपईकर:
नमस्कार. संकरित गाय, दुसऱ्या वेताची, 6 महिन्यांची गाभण, दूध 5 लिटर. महिनाभर गोठ्याची चिऱ्याची भिंत चाटते. चरायला सोडली की आधी रोयण गाठून माती खाते. चारा म्हणजे भाताचा पेंढा, बांधावरचं गवत, 2 किलो सरकी पेंड. रानातली जनावरं, पोपटसुद्धा, उपजत औषधी माती खातात म्हणे. मग हिला खाऊ द्यावी, की मुलतानी माती आंबोणात कालवू?

फोंड्याचा गोठा:
दोन्ही नको. तिला काहीतरी कमी पडतंय हे खरं, पण ते चिऱ्यात मिळणार नाही. आपल्या जांभ्या जमिनीतलं मीठ पावसाने केव्हाच धुऊन नेलंय, आणि फॉस्फरस लोह-ॲल्युमिनियमने जखडलेला. उलट पोटात गेलेलं जादा लोह तांबं अंगी लागू देत नाही. डोळ्यांभोवतीचे केस फिकट पडून चष्मा लावल्यासारखे दिसले तर तीच शंका घ्या.

पेंढ्यात फॉस्फरस फारच थोडा, शिवाय त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि 30 ग्रॅम साधं मीठ द्या, निदान महिनाभर. वासाने तोंड फिरवते, म्हणून 15 ग्रॅमपासून सुरू करा, ओलवलेल्या पेंडीत कालवून. पाण्यात टाकलं तर तळाशी बसतं. जोडीला 1 किलो गव्हाचा कोंडा. फॉस्फरस त्यात भरपूर.

व्यायल्यावर महिन्याभरात लघवी कॉफीसारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. फॉस्फरस फार घटला की रक्तपेशी फुटतात. गोचिडतापातही असाच रंग येतो, तेव्हा रक्त तपासूनच उपचार.

चारापाणी:
वरचं पटलं, पण आधी शेण तपासून जंत काढा. नाहीतर खनिजं वाया. गाभणीला फेनबेंडाझोल, किलोमागे 5 मिलिग्रॅम. वजन अंदाजे नको: पुढच्या पायांमागचा छातीचा घेर 66 इंच, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 54 इंच, तर 66 × 66 × 54 भागिले 660, म्हणजे सुमारे 356 किलो. तिला 1500 मिलिग्रॅमची एक गोळी कमी पडते, आणि कमी डोसाने जंत औषधाला सरावतात.

मिठाची वीट ठेवणार असाल तर पागोळ्यांपासून दूर, लाकडी खोक्यात. जून-जुलैत ती ओघळते आणि जनावर खारं पाणी पितं. मिठाला आसुसलेल्या गाईला पहिल्या दिवशीच वीट मोकळी देऊ नका, आणि पाणी कायम समोर हवं, नाहीतर मीठबाधा होते.

वाळपईकर:
मग पोपटांचं ते खोटं?

रानपाखरू:
खोटं नाही. पेरू देशात पोपट नदीकाठच्या ठरावीक थरातलीच माती खातात. 1999 च्या अभ्यासात ती माती दिलेल्या पोपटांच्या रक्तात क्विनिडीन हे कडू द्रव्य सुमारे 60 टक्के कमी उतरलं. सोडियमही त्यांना तिथूनच मिळतं. पण ती माती वेगळी. गाईची मिठाची ओढ उपजत असते. बाकी खनिजांबाबत तिच्या निवडीवर विसंबू नये.

मुलतानी मातीत जड धातू किती, हे बाजारच्या पुडीवरून कळत नाही. पावसाळ्यात पेंडीला बुरशी धरली तर ती पेंड फेकाच, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं. पशुखाद्यासाठीचं बेंटोनाइट (एक चिकणमाती) ते बांधतं, इतर बुरशीविषं फारशी नाही. काही औषधंही बांधतं, म्हणून जंतनाशकाच्या दिवशी देऊ नका.

माती चाटणारं जनावर तार-चुकाही गिळतं. भिंतीच्या कडेचं आणि रोयणीच्या वाटेवरचं लोखंड आजच वेचा.